क्लोज्ड गार्डमधून ट्रँगल: पाय अडकतात, पण चोक बसत नाही

ब्राझिलियन जिउ-जित्सूत पाठीवर पडून, समोरच्याच्या कमरेला पायांचा वेढा (क्लोज्ड गार्ड) घालून मी ट्रँगल घेतो, म्हणजे पायांनी त्याची मान आणि एक हात आवळायचा चोक. लॉक लागतं, पण समोरचा टॅप करत नाही (हार मानत नाही). एकतर ताठ होतो, नाहीतर वजन टाकून मला दुमडतो (स्टॅक). माझे पाय आखूड, मांड्या जाड. गी (जाड कुडता घालून) आणि नो-गी (त्याशिवाय) दोन्ही खेळतो. एंट्री कोणती घ्यावी? चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
आखूड पायांना उगाच दोष जातो, बहुतेकदा कोनच घेतलेला नसतो, म्हणजे त्याच्या बाजूला फिरलेलं नसतं.

उजवा पाय मानेवर येणार असं धरून सांगतो. त्याचं डावं मनगट दोन्ही हातांनी त्याच्याच पोटावर दाबा. गार्ड उघडून डावा तळवा त्याच्या उजव्या कमरेवर टेकवा, बूड उचला आणि मगच उजवा पाय त्याच्या डाव्या खांद्यावरून मानेमागे टाका. बूड जमिनीवरच राहिलं तर पाय मानेऐवजी पाठीवर पडतो. तुमचं लॉक तिथेच लागत असणार.

लॉकची घाई नको. डाव्या हाताने स्वतःची उजवी नडगी धरा (पंजा नाही, नडगीच). डाव्या पायाने कमरेला रेटा देत उजवीकडे फिरा, त्याचा डावा कान समोर दिसेपर्यंत. मग उजवा घोटा डाव्या गुडघ्यामागे घ्या, पंजा वर ताणलेला. लॉकमध्ये घोट्याऐवजी पंजा आला तर घोटा-गुडघा दुखावतो.

प्रतिसाद २
कोनाबद्दल +१. तुमच्या पायांत अडकलेला त्याचा हात आडवा ओढण्यात लोक फार वेळ घालवतात. मानेची एक बाजू तुमची मांडी दाबते, दुसरी त्याचाच खांदा. कोन नीट असेल तर हात आडवा नसला तरी चोक बसतो.

स्टॅकवर उपाय: उजवा हात त्याच्या डाव्या मांडीखालून घाला. त्याला पुढे रेटता येत नाही आणि तुम्हालाही फिरायला आधार मिळतो. उभा राहून उचलायला लागला आणि पाय हाती नसेल, तर लॉक सोडा. तिथे हट्ट नको.

नो-गीत घामाने मनगट निसटतं. तेव्हा डाव्या हाताने त्याच्या उजव्या हातावर ओव्हरहुक घ्या (वरून हात गुंडाळून धरा). छाती चिकटलेली राहते, ताठ होणं अवघड जातं. उजव्या हाताने त्याचं डावं मनगट ढकललं की पुढचं सगळं तेच.

धागाकर्ता
धन्यवाद. पण एक हात नडगीवर आणि दुसरा मांडीखाली गेला, तर डोकं कोण खाली ठेवणार?

प्रतिसाद १
नडगीच. ती मानेवर आडवी असेल तर तिला खाली ओढलं की डोकंही खाली येतं. तरीही ताठ झालाच, तर आत अडकलेला त्याचा उजवा हात आर्मबारसाठी (कोपर उलटं ताणायच्या लॉकसाठी) तयारच आहे.