हसायचं नक्की कुणाला?

सतराव्या शतकातला फ्रेंच नाटककार मोलिएर फक्त नवश्रीमंतांची टर उडवायचा म्हणजे तो दरबाराच्याच बाजूचा, असं कुणी म्हणालं तर ते त्याच्या १६७० च्या 'बुर्ज्वा जंटलमन' या नाटकापुरतं एकवेळ चालेल, पण त्याच्या दोन वर्षं आधीचं 'जॉर्ज दांदँ' बघा की. दांदँ हा पैसेवाला शेतकरी, खंगलेल्या खानदानी घरातली मुलगी करून घेतो, म्हणजे सासरची भोकं याच्या पैशाने बुजवायची आणि बदल्यात याच्या नावाला एक भारदस्त शेपूट लागणार, बास. वर सासू बजावते की मला सासूबाई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं! 'माझी बायको' म्हणायचीही चोरी, कारण ती पडली उच्च कुळातली. ती दुसऱ्याच एका सरदाराच्या नादी लागलीये हे याला दिसतंय पण सिद्ध होत नाही, आणि उलट पहिल्याच अंकात टोपी हातात घेऊन त्या सरदाराचीच माफी यालाच मागावी लागते.. मला तरी इथे हसू कमी आणि कसंतरीच जास्त होतं.

आणि बायको पण नुसती खलनायिका नाहीये हां, ती तोंडावर सांगते की तू लग्न माझ्या आईबापाशी केलंस, मला कुठे विचारलं होतंस? (तिचा मुद्दा बरोबरच आहे.)

गंमत म्हणजे हे पहिल्यांदा झालं १६६८ मध्ये व्हर्सायला, चौदाव्या लुईच्या जलशात. समोर सगळे सरदार-दरकदार, आणि दांदँ झालेला खुद्द मोलिएर, जो स्वतः राजाच्या गादीकाम करणाऱ्याचा मुलगा.