भंगारात देण्याआधी मागचे स्क्रू काढून बघा

"विंडोज ११ चालत नाही, म्हणजे लॅपटॉप भंगार" हे बऱ्याच जणांचं मत काही पटलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, सगळं कबूल. पण त्या दिवशी मशीन बिघडलं नाही ना!

आमच्या इंदूरच्या घरात २०१४चा लॅपटॉप आहे, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा. तो सुरू करून चहा टाकायचा. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी स्क्रीनवर गोल फिरतंच असायचं. जेल रोडवरच्या एका दुकानदाराने उघडूनही न बघता निकाल दिला, "भिया, नया ले लो." (पोहे खाऊन आलो होतो म्हणून शांत राहिलो.)

दोष प्रोसेसरचा नव्हताच. हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारणारी. प्रत्येक बारीक फाइलसाठी तिचं हेड (डेटा वाचणारं टोक) सरकणार, मग तबकडी फिरून यायची वाट बघणार, की गेले दहा-पंधरा मिलिसेकंद. लॅपटॉप सुरू होताना अशा फायली हजारोंनी. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारं काही नाहीच, त्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या अंशात होतं.

२५६ जीबीची एसएसडी घातली, रॅम ४ जीबीची ८ केली, वर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. आई आता त्यावर भिशीचे हिशेब ठेवते. फोटोशॉपवाल्यांनी मात्र मिंटच्या नादी लागू नये, ते त्यावर धड चालत नाही. आणि जुनी डिस्क फेकू नका, यूएसबीच्या डबीत घातली की बॅकअपला चालते.