प्रश्न विरघळण्याचा नाही, घडण्याचा आहे
हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून समुद्राचं आम्लीकरण होतंय आणि शिंपल्यांना धोका आहे, असं म्हटलं जातं. त्यावर ‘समुद्र अजून अल्कधर्मीच आहे, मग शिंपले विरघळतील कसे?’ ही शंका रास्त आहे. पण पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) 8.2 वरून 8.1 वर आला की हायड्रोजन आयन सुमारे 26 टक्के वाढतात आणि कवच ज्यातून घडतं त्या कार्बोनेटला धरून त्याचं बायकार्बोनेट करतात. कालवाची अळी आपलं पहिलं, इंग्रजी ‘डी’सारखं कवच फलनानंतर दोनेक दिवसांत बनवते, तेही मुख्यतः अंड्यातल्या शिदोरीवर. कार्बोनेट कमी असेल तर प्रोटॉन (म्हणजे तेच हायड्रोजन आयन) बाहेर ढकलण्यातच ती शिदोरी सरते. बिजागरीची कड वाकडी राहते आणि बिचारी अळी नीट खायला लागण्याआधीच मरते.

म्हणून हॅचरीत (कालवांची अंडी-अळ्या वाढवतात त्या केंद्रात) नुसत्या पीएचवर विसंबू नका; क्षारताही (खारेपणा नव्हे, आम्ल सोसण्याची पाण्याची क्षमता) मोजून अ‍ॅरागोनाइटची संपृक्तता, म्हणजे अळीचं कवच ज्या खनिजाचं बनतं ते घडायला पाण्यात पुरेसा माल आहे का, ते काढा. किनाऱ्यालगतचं पाणी दुपारनंतर घेतलेलं बरं, प्रकाशसंश्लेषणानं कार्बन डायऑक्साइड उतरलेला असतो. कार्बोनेट वाढवायला सोडियम कार्बोनेट मिसळायचं तर फलनाआधीच. वाकडं झालेलं कवच नंतर सरळ होत नाही.