मदत हवी आहे: आईला नातीशी व्हिडिओ कॉलवर निवांत बोलता यावं म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी,

आमचं सोलापुरात साखर पेठेत जुनं माळवदाचं घर आहे. आई 73 वर्षांची. भाऊ जर्मनीत असतो, यंदा गड्ड्याची यात्रा चालू असतानाच त्याला मुलगी झाली. आईने नातीला अजून मांडीवर घेतलेलं नाही. बघणं, बोलणं, सगळं फोनवरच. आणि गेल्या महिन्याभरात कॉल आला की ती म्हणते, "आज नको गं, उद्या बघू." नातीचा कंटाळा आलेला नाही. फोन धरून दहा मिनिटांत हात भरून येतो, मान खाली घालून बघावं लागतं आणि निम्मं बोलणं कळतच नाही. तिला अर्धा तास तरी आरामात बसता यावं, एवढंच मला हवं आहे.

अडचण अशी. शेजारच्या कारखान्यात माग चालतात, त्यांची खटखट दिवसभर. आईला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर पूर्ण मोठा करतो, तर भाऊ सांगतो की आईचा आवाज मध्येच तुटतो. आई खिडकीपाशी बसते, उजेड चांगला म्हणून, पण तिकडे तिचा चेहरा काळा दिसतो. वायफायचा डबा पुढच्या खोलीत आहे, मधली भिंत हातभर जाड. हल्ली दुपारी फोन इतका तापतो की स्क्रीन आपोआप मंद होते. नवा फोन घ्यायची तयारी आहे, पण दोष फोनचाच आहे का ते आधी कळायला हवं.

—

ताई, नवा फोन घेऊ नका. आवाज तुटतो तो स्पीकरमुळे. स्पीकरमधून आलेलं बोलणं परत माईकमध्ये शिरून घुमू नये म्हणून फोन ते कापत असतो. स्पीकर जितका मोठा, तितकी कापाकापी जास्त, आणि त्यात आईंचा हळू आवाजही जातो. साधा वायरचा, माईक असलेला इयरफोन लावा. माईक तोंडाजवळ आला की मागाची खटखटही मागे पडते. कानात बोंडं सहन होत नसतील तर कानावर बसणारा हेडफोन आणा. मोठ्या मशीनच्या आवाजात वाढलेली माणसं मोठ्याने बोलतात, पण त्यांनाही समोरच्याचे शब्द नीट कानावर पडायला लागतात. आईंचे कान एकदा तपासून घ्या, हे मनापासून सांगतो.

वायफायचं म्हणाल तर राउटरवर बहुधा दोन नावं दिसत असतील. जाड भिंतीपलीकडे 2.4 गिगाहर्ट्झवालं जास्त पोचतं, 5 वालं वेगवान पण भिंतीत मरतं. शक्य असेल तर कॉलपुरतं आईंनाच पुढच्या खोलीत बसवा.

—

खिडकी आईंच्या पाठीमागे आहे का? कॅमेरा मागच्या उजेडाला सांभाळून घेतो आणि चेहरा काळा पडतो. खुर्ची फिरवून तोंड खिडकीकडे करा. संध्याकाळी दिवा समोर, थोडा वर. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल चालू असताना वर बल्बचं चिन्ह दिसतं, अंधाऱ्या खोलीत ते दाबून बघा.

फोन हातात नकोच. स्टँड घ्या, नाहीतर टेबलावर दोन डबे एकावर एक ठेवून त्यांना टेकवा. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर हवा. माईक फोनच्या खालच्या कडेला असतो, तो झाकला जाणार नाही एवढं बघा.

तापण्याचं कारण आपला उन्हाळा. बहुतेक फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात, आणि इथे मे महिन्यात दुपारी 40 च्या वर. कव्हर काढा आणि चार्जिंगला लावून कॉल करू नका. फ्रिजमध्ये मात्र चुकूनही ठेवू नका, आत पाणी धरतं.

—

दोघांचे खूप आभार. खिडकी पाठीमागेच होती! आणखी एक सापडलं: रोजचा डेटा पुरावा म्हणून मीच कधीतरी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये "कॉलसाठी कमी डेटा वापरा" चालू केलं होतं. ते बंद केल्यावर चित्र बरंच स्वच्छ झालं.

वेळही बदलली. सध्या जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. रात्री नऊला माग बंद झालेले असतात, हवा जरा उतरलेली असते, आणि तिकडे साडेपाच वाजलेले, बाळ जागं. काल आई हेडफोन लावून पुढच्या खोलीत खुर्चीत बसली. पाऊण तास झाला तरी उठेना. बाळाचा हुंकार तिला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आला, मग मोठ्याने अंगाई म्हणत बसली.

आता एकच विचारायचं आहे. हेडफोन आईच्या कानावर असला की मला काहीच ऐकू येत नाही. एका फोनला दोन हेडफोन जोडायची वायर मिळते म्हणे. ती लावल्यावर आईचा माईक चालतो का? कुणी वापरली असेल तर कृपया सांगा.