मदत हवी: जीपच्या रोल केजसाठी दीड इंची काळा पाइप चालेल का?

कातळसडा
जुन्या जीपची चासी, वर घरी बांधलेली बॉडी, कापडी टप, दोन सीट. माणसांसकट वजन साधारण १२०० किलो. तिला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर माणसं वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, बांधायचाय. वापर सड्यावर आणि पावसाळ्यात लाल चिखलाच्या पाणंदीत. रत्नागिरीत दुकानदार दीड इंची बी क्लास काळा पाइप देतोय, म्हणतो हेवी माल आहे. गंजायला नको म्हणून जीआय (जस्त चढवलेला पाइप) घ्यावा असंही काहींचं मत. वाकवायला प्लंबरचा हायड्रॉलिक बेंडर मिळतो. नळी कुठली, जाडी किती, किती लांब्या आणू?

घाटमाथा
जीआय यादीतून आधी काढा. वेल्डिंगच्या आचेने जस्ताची वाफ होते, वेल्डात भोकं राहतात आणि तो पांढरा धूर वेल्डरला ताप आणतो.

काळ्या पाइपचं दुखणं वेगळं. 'दीड इंच' हे त्याचं नाव, माप नव्हे. बाहेरचा व्यास ४८.३ मिमी भरतो. आयएस १२३९ या भारतीय मानकाचा हा माल पाणी आणि वाफ वाहायला बनतो, त्याची ताणशक्ती (तुटण्याआधी सोसणारा ताण) किमान ३२० एमपीए (मेगापास्कल). मोटार शर्यतींची जागतिक संस्था एफआयए, तिच्या नियमात केजची नळी कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेली, बिनशिवणीची), किमान ३५० एमपीए. मुख्य कमान (सीटमागची) ४५ × २.५ मिमी किंवा ५० × २, बाकीच्या नळ्या ३८ × २.५ किंवा ४० × २. तुम्ही ४५ × २.५ आणि ३८ × २.५ धरा.

दुकानात 'पाइप' मागू नका. 'सीडीएस ट्यूब, बाहेरचा व्यास ४५, जाडी अडीच' असं सांगा (सीडीएस म्हणजे तीच कोल्ड ड्रॉन सीमलेस) आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा. कार्बन ०.३ टक्क्यांच्या आत हवा. कळंबोली किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत चौकशी करा. माल उचलण्याआधी काट्यावर ठेवा: ४५ × २.५ ची ६ मीटरची लांबी १५.७ किलो भरली पाहिजे. १२.७ च्या आसपास भरली तर जाडी दोनच मिमी आहे. टोकातून आत बोट फिरवा. शिवणीची उभी धार लागली तर तो साधा ईआरडब्ल्यू, म्हणजे पट्टी वळवून शिवण वेल्ड केलेला.

कातळसडा
पण बी क्लास ३.२ मिमी जाड आहे, मग जास्तच मजबूत ना? आणि कॉलेजच्या बाहा स्पर्धेतल्या गाड्यांना २५.४ × ३ ची नळी असते, ती स्वस्तात मिळतेय.

घाटमाथा
बाहाची गाडी एका माणसाची, १० अश्वशक्तीची. एकाच पोलादात २५.४ × ३ नळीची वाकण्याविरुद्धची ताकद ४५ × २.५ च्या तिसरा हिस्साही नाही. तुमच्या वजनाला ती नको.

जाडीचं म्हणाल तर हिशेब करून बघा. वजन प्रतिमीटर (किलोत, मापं मिमीत) = (व्यास − जाडी) × जाडी × ०.०२४६६. तुमच्या केजला साधारण साडेअठरा मीटर नळी लागेल. ४५ आणि ३८ मिळून ४२ किलो होते, तीच केज दीड इंची बी क्लासात ६६ किलो. जास्तीचे २४ किलो बरेचसे डोक्याच्या उंचीवर बसतात, म्हणजे उतारावर गाडी कलंडायला मदतच.

४५ ची एक लांबी (कमान अखंड हवी, जोड चालत नाही) आणि ३८ च्या तीन. शिवाय दोन्हीची एकेक जादा, कारण पहिला बेंड बहुधा फुकट जातो.

वेल्ड_आणि_व्हर्नियर
प्लंबरचा बेंडर वापरू नका. त्याच्या डाया ४८.३ साठी असतात, ४५ ची नळी त्यात सैल बसते आणि आतल्या बाजूला चपटते. मॅन्ड्रेल (नळीत दांडा घालून वाकवणारा) किंवा रोटरी ड्रॉ (फिरत्या डायाभोवती ओढून वाकवणारा) बेंडर घ्या, वाकाची त्रिज्या मध्यरेषेवर किमान व्यासाच्या तिप्पट, म्हणजे १३५ मिमी. मग बेंडवर व्हर्नियर लावा. लहान व्यास भागिले मोठा व्यास ०.९ च्या खाली आला तर तो तुकडा बाद. वाळू भरून तापवून वाकवायची पद्धत इथे नको, कोल्ड ड्रॉनची ताकद त्या जागी उतरते.

वेल्डिंगला मिग (वायूच्या आवरणात तार वितळवणारं), तार ईआर ७० एस-६ जातीची, ०.८ मिमी. नळीचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापून असं बसवा की फट दीड मिमीच्या आत राहील. आधी सगळी केज टॅक करा (ठिपक्यांनी जोडा), मग समोरासमोरचे सांधे आलटून पालटून भरा, नाहीतर कमान ओढली जाते. वेल्ड पूर्ण घेराला हवा, म्हणून छताकडचे सांधे केज पक्की बसवण्याआधी, खाली उतरवलेली असतानाच भरून घ्या. गेट-ग्रिलचं काम करणारे वेल्ड घासून गुळगुळीत करतात. तसं अजिबात करू देऊ नका, घासलं की सांध्याचं मांसच जातं. आर्कनेच करायचं तर ७०१८ रॉड ओव्हनमध्ये ३०० अंशांना तासभर भाजलेला हवा. आपल्या दमट हवेत उघडा पुडा दोन दिवसांत ओलावा धरतो.

कातळसडा
बोल्ट एसएसचे (स्टेनलेस) घेऊ का? ट्रॉलरवर तेच असतात.

वेल्ड_आणि_व्हर्नियर
नको. नेहमीच्या ए२-७० एसएस बोल्टची यील्ड (कायमचा ताणला जायला लागणारा ताण) ४५० एमपीए, ग्रेड ८.८ च्या पोलादी बोल्टची ६४०. केजच्या प्रत्येक पायाला किमान तीन एम८ (८ मिमी), ८.८ चे, झिंक प्लेटेड. गंज दिसला की बदला, महाग नाहीत. पायाखाली ३ मिमीची प्लेट, किमान १२० चौरस सेमी. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर गाडी उलटताना पाय फरशी फाडून खाली जातो.

गंजाचं खरं भय आतून. प्रत्येक उघडं टोक वेल्डने बंद करा, दिवा-वायरसाठी नळीला भोक पाडू नका, क्लँप वापरा. बंद नळीत खारी हवा शिरत नाही. बाहेरून इपॉक्सी प्रायमर, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पायाच्या प्लेटजवळ चिखल साचतो, तिथे दर पावसाळ्यानंतर हातोडीने टकटक करून बघा. आवाज बद्द आला तर पोपडा काढून जाडी मोजा.

घाटमाथा
एक राहिलं. डोकं आपटू शकेल अशा प्रत्येक नळीवर केजसाठीचं कडक फोम पॅडिंग आणि डोक्यावर हेल्मेट. एसीच्या पाइपावरचा मऊ फोम पुरत नाही. आणि गाडी रस्त्यावर आणणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांविषयीचं) बघा, कापाकापीच्या आधी आरटीओत विचारा.