विघटनशील मल्चिंग पेपर: मिरची-खरबुजाला घ्यावा का?

कोरडवाहू:
मंडळी, सल्ला हवाय. एका तुकड्यात मिरची आणि दुसऱ्यात खरबूज घ्यायचा बेत आहे. मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर घालतो ती प्लास्टिकची पातळ फिल्म, अंथरायचं काही वाटत नाही, खरी कटकट तो काढताना होते. मातीत दाबलेल्या कडा तुटून तिथेच राहतात, मग पुढच्या नांगरटीला फाळाभोवती चिंध्या गुंडाळतात. जो निघतो तो मातीने इतका जड झालेला असतो की भंगारातही कोणी घेत नाही. आता विक्रेता म्हणतोय, हा नवा विरघळणारा पेपर घ्या, पीक संपलं की ट्रॅक्टरचा रोटर मारून मातीत मिसळायचा, विषय संपला. भाव साध्या पेपरपेक्षा बराच चढा आहे. मिरचीचे तोडे सात-आठ महिने चालतात, तेवढा टिकेल का? आणि खरंच जिरतो की नुसता भुगा होऊन जमिनीत बसतो?

गादीवाफा:
दादा, पैसे देण्याआधी रोलवर काय छापलंय ते वाचा. 'विरघळणारा' या एकाच नावाखाली तीन वेगळे माल खपवले जातात.

पहिला ऑक्सो. हे साधं पॉलिथिलीनच असतं, फक्त लवकर तुकडे पडावेत म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. तुम्ही म्हणता तो भुगा याचाच. युरोपीय संघाने ऑक्सो प्लास्टिकच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली आहे. दुसरा 'कंपोस्टेबल', म्हणजे ईएन १३४३२ या युरोपीय मानकाचा. ती चाचणी मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातल्या उष्णतेची, ५८ अंशांच्या आसपासची. तुमच्या वाफ्यात एवढी ऊब कुठून येणार? तिसरा मातीत कुजणारा, त्याचं मानक ईएन १७०३३, २०१८ चं. हे छापलेलं असेल तरच पुढची बोलणी करा. तोंडी 'हो हो, तोच आहे' म्हणाला तर प्रमाणपत्राची प्रत मागा.

शंकासुर:
मानकाचंही फार कौतुक नको. ईएन १७०३३ म्हणतं की दोन वर्षांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. पण ही चाचणी प्रयोगशाळेतली, २० ते २८ अंशांत, ओल कायम राखलेल्या मातीत. शेतात जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत आणि थंडीत गार. सूक्ष्मजीवांना ओल नसेल तर ते काम करत नाहीत. त्यात दर हंगामाला नवा पेपर घातलात तर आधीचा जिरायच्या आत दुसरा थर येतो.

गादीवाफा:
मान्य. म्हणूनच आधी थोड्या जागेत घालून बघा म्हणतो. वापरलेल्या पेपरचे तुकडे जाळीच्या पिशवीत भरून वीतभर खाली पुरा, जागेवर खुंटी ठोका आणि अधूनमधून उकरून पाहा. आपल्या जमिनीचा वेग आपल्याला कळतो, विक्रेत्याला विचारावं लागत नाही.

लव्हाळा_नको:
मिरचीला नको. हा पेपर साधारण १५ ते २० मायक्रॉन जाडीचा येतो आणि तीन-चार महिन्यांच्या पिकाला बरा पडतो. मिरचीची झाडं पसरून सावली करेपर्यंत त्याला थेट ऊन बसतं. आधी जातात त्या कडा. जिथे पेपर मातीत शिरतो, नेमकी तीच रेघ ओलीने कुजते आणि वारा आला की सगळी पट्टी फडफडायला लागते. सात-आठ महिन्यांसाठी ३० मायक्रॉनचा साधा पेपर घ्या, काढताना तो अखंड निघतो. तुमच्या चिंध्यांचं मूळ पातळ पेपरमध्ये असणार.

आणि शेतात लव्हाळ्याचं तण असेल तर आशा सोडा. तो साध्यालाही भोक पाडतो, याला तर चहूकडून पाडेल.

रोपवाटिकावाली:
खरबुजाला कालावधी जुळतो, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. फळ जिथे टेकतं तिथे पेपर ओलाव्याने मऊ होऊन सालीला चिकटतो. काळे टिकल्यासारखे तुकडे, नखाने खरवडावे लागतात, आणि जाळीदार सालीच्या खाचांतून तर निघता निघत नाहीत. फळं धुवून पाठवणार असाल तर ठीक. नाहीतर प्रत्येक फळाखाली मूठभर गवत टाका.

दुसरं, यातून बाष्प साध्या पेपरपेक्षा जास्त निघून जातं. ड्रिपचं वेळापत्रक तेच ठेवू नका, पेपरखाली बोट घालून ओल बघत जा.

कोरडवाहू:
ताई, हे फळाचं माहीतच नव्हतं, बरं झालं सांगितलंत. मग मिरचीला जाड साधा, आणि खरबुजाच्या तुकड्यात चार-पाच वाफ्यांवर हा. अंथरताना आणि शेवटी काय काळजी घ्यायची? लॅटरल, म्हणजे ड्रिपच्या नळ्या, पेपरखालीच आहेत.

लव्हाळा_नको:
यंत्राचा ताण कमी करा. साधा पेपर आपण ताणून बसवतो, हा तसा ओढलात तर भोकापासून उभा फाटतो. वाफ्यावर ढेकळं, काड्या ठेवू नका. लागवडीच्या तोंडावरच अंथरा, रिकाम्या वाफ्यावर आठवडेच्या आठवडे उन्हात पडू देऊ नका. शेवटी वेल काढून आधी लॅटरल ओढून घ्या. पेपर फाटला तरी फिकीर नाही. मग वाफसा असताना, म्हणजे माती फार ओली नाही की फार कोरडी नाही अशा वेळी, रोटर. खोल नांगरून गाडू नका, वरच्या थरातच जीवाणूंचं काम जोरात चालतं. पुढच्या हंगामात काही तुकडे दिसतीलच.

शंकासुर:
सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर आधी प्रमाणन संस्थेला विचारा. यात बहुधा पीबीएटी नावाचं प्लास्टिक असतं, ते मातीत कुजतं पण सहसा खनिज तेलापासून बनतं. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांनी २०१४ मध्ये अशा पेपरला दार उघडलं, पण कच्चा माल पूर्णपणे जैविक स्रोतातला हवा ही अट घालून.

कोरडवाहू:
प्रमाणपत्र नाही, त्यामुळे ती अडचण नाही. उरलेला रोल पुढच्या वर्षी चालेल का?

रोपवाटिकावाली:
भरवसा नाही. ऊन, ओल, उष्णता लागली की तो गोदामातच कमकुवत होतो. लागेल तेवढाच घ्या, आणि घेताना रोलवरची उत्पादनाची तारीख बघा, जुना माल गळ्यात मारतात.