‘पद्मश्री’ नावाआधी लावावी का? किताब, पुरस्कार, पदक

शंकासुर : निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांच्या नावाआधी ‘पद्मश्री’ छापावे का? शिवाय बातम्यांत एकाच गोष्टीला कुणी किताब म्हणतो, कुणी पुरस्कार, कुणी पदक. हे सगळे एकच का?

मुद्रितशोधक : छापू नका. घटनेच्या अनुच्छेद १८ ने सैनिकी आणि विद्याविषयक मान वगळून बाकी सगळे किताब देणे सरकारला बंद केले. १९५४ पासूनचे पद्म सन्मान त्यात कसे बसतात, हा वाद बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९९५ चा निकाल असा : हे किताब नाहीत, म्हणून देता येतात, आणि किताब नाहीत म्हणूनच नावाच्या पुढे-मागे जोडता येत नाहीत. गृह मंत्रालयाच्या सूचनेत लेटरहेड, निमंत्रणपत्रिका, पोस्टर, पुस्तके यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. गैरवापर झाला तर सन्मान जातो तो मानकऱ्याचा; पत्रिका छापणारे मंडळ नामानिराळे राहते! नाव साधे छापा आणि परिचयात लिहा : ‘त्यांना अमुक साली पद्मश्री मिळाली.’

जुनी पाटी : किताब म्हणजे रावबहादूर, रावसाहेब, खानबहादूर. तो नावाला चिकटायचा, पुढे हाकही त्यानेच मारायचे. कैसर-ए-हिंद मात्र त्या काळीही पदकच होते. लोकसेवेसाठी १९०० साली सुरू झालेले. गांधीजींना १९१५ मध्ये मिळाले, १९२० मध्ये त्यांनी परत केले. पण ‘कैसर-ए-हिंद गांधी’ असे कुणी लिहीत नसे.

शंकासुर : पद्मश्री ‘मिळाली’ की ‘मिळाला’?

मुद्रितशोधक : नुसते नाव असेल तर पद्मश्री मिळाली, पद्मभूषण मिळाले, भारतरत्न मिळाले. मागे ‘पुरस्कार’ आला की क्रियापद त्याच्यामागे जाते : पद्मश्री पुरस्कार मिळाला. ‘पद्मश्री विजेते’ मात्र नको, इथे स्पर्धा नसते. आपल्याकडे ‘मानकरी’ हा नेमका शब्द आहे, तो वापरा.

जुनी पाटी : पदक म्हणजे मुळात छातीवर रुळणारा दागिना. पद्मच्या मानकऱ्याला राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्याची सनद, पदक आणि समारंभात लावायला पदकाची छोटी प्रतिकृती मिळते. रोख रक्कम नाही. म्हणजे पदक हा सन्मानाचा एक भाग झाला. पोलिसांच्या बाबतीत पदक हेच सन्मानाचे नाव : शौर्य पदक, विशिष्ट सेवा पदक. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास जाहीर होते ते पोलीस महासंचालकांचे ‘सन्मानचिन्ह’. त्याला राष्ट्रपती पदक लिहिण्याची चूक जिल्हा आवृत्त्यांत दिसते. दोन्हींची पायरी वेगळी आहे. ‘महाराष्ट्र भूषण’ला रोख रक्कम असते, त्यामुळे तिथे पुरस्कार हा शब्द अगदी चपखल.

मुद्रितशोधक : क्रियापदांचे घोळही मोठे आहेत. २६ जानेवारीच्या सुमारास पद्म सन्मान ‘जाहीर’ होतात. ‘प्रदान’ नंतर, राष्ट्रपती भवनातल्या समारंभात. जानेवारीच्या बातमीत ‘प्रदान’ आले की कापायचे. ‘बहाल’चा मूळ अर्थ पूर्ववत कायम करणे, आता तो देणे या अर्थी रुळला आहे, पण त्याला दरबारी वास येतो. आणि ‘परत केला’ म्हणजे ‘रद्द झाला’ नव्हे. सन्मान रद्द करण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा. तसे झाले तरच नोंदवहीतून नाव खोडले जाते आणि पदक व सनद जमा करावी लागते.